मूळ आज्ञावलीपासून प्रमाणपत्रापर्यंत

बडोदे किंवा इंदूर येथील एखादे महाराष्ट्र मंडळ डोळ्यांपुढे आणावे. मराठी शुद्धलेखनाची स्पर्धा पार पडली आहे आणि तीनशे मुलांना प्रमाणपत्रे द्यावयाची आहेत. सुवाच्य अक्षराच्या कोणा गुरुजींना बसवून एकेक नाव लिहवून घेण्याचे दिवस मागे पडले. मंडळातील संगणकाची जाण असलेला एखादा तरुण नावांची यादी घेतो, प्रमाणपत्राचे कोरे चित्र घेतो आणि इमेजमॅजिक या नावाच्या चित्रलायब्ररीला प्रत्येक नाव त्या चित्रावर उमटविण्याची आज्ञा देतो. काही मिनिटांत तीनशे चित्रे तयार होतात. पहिलेच उघडून पाहावे, तो निखिलचा ‘नखिलि’ झालेला! अर्चनेचा रफार डोक्यावरून उतरून पाय मोडलेल्या रकाराच्या रूपाने मध्येच उभा आहे, आणि कऱ्हाडे या आडनावातला अर्धा रकार नाहीसा होऊन त्याच्या जागी नुक्ता दिलेला आणि पाय मोडलेला एक अख्खा रकार बसला आहे. शुद्धलेखनाच्या पारितोषिकावरच अशुद्ध नाव! मंडळाच्या चिटणिसांनी कपाळाला हात लावला तर नवल नाही.

हा दोष यादीचा नव्हे. तीच यादी संगणकाच्या पडद्यावर उघडली असता सारी नावे शुद्ध दिसतात. दोष टंकाचाही नव्हे. त्यात वेलांटी, रफार, अर्धा रकार, सारे काही आहे. संगणकाला मराठी येत नाही असेही म्हणता यावयाचे नाही. घडले ते इतकेच की, ही लायब्ररी तिच्या मूळ आज्ञावलीपासून बांधली जात असताना यंत्राने एक लांबलचक अहवाल पडद्यावर दिला होता. त्या अहवालातील एका ओळीच्या शेवटी ‘नाही’ असे म्हटले होते, आणि ती ओळ कोणी वाचली नव्हती.

ती ओळ कसली होती हे कळण्यासाठी देवनागरी अक्षरे संगणकात कशी साठविली जातात ते पाहावे लागते. १९९१ मध्ये युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतपद्धतीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले. या पद्धतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने ठेवतात, दिसण्याच्या क्रमाने नव्हे. ‘नि’ या अक्षरात आधी न आणि मग ऱ्हस्व इकार असा संग्रह असतो. कागदावर मात्र वेलांटी नकाराच्या आधी काढावयाची असते. जो कोणी संग्रहातील चिन्हे जशीच्या तशी डावीकडून उजवीकडे मांडत जाईल, त्याच्या हातून नकाराची वेलांटी खकारावर आणि खकाराची लकारावर जाऊन पडणार. ‘नखिलि’ हा शब्द अशा रीतीने जन्मास येतो.

रकाराची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यावयाची असते आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी. उच्चारात भेद आहे, अर्थात भेद आहे, आणि लेखनात तो भेद एका चिमुकल्या आडव्या वळणाने दाखविलेला आहे. हिंदी लेखनाला या वळणाची गरज भासत नाही; मराठीचे मात्र त्यावाचून पदोपदी अडते. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा ऱ आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह अशी योजना आहे. ही दोन चिन्हे आणि पुढचे व्यंजन एकत्र आले म्हणजे अर्धा रकार काढावयाचा, हे ज्ञान कोणाला तरी असावे लागते.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात हे ज्ञान जुळाऱ्याच्या बोटांत असे. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे सुबक खिळे एकेकाळी सर्वत्र नावाजले गेले. परंतु खिळा कितीही देखणा असला तरी वेलांटी आधी उचलावयाची आणि रफार शेवटी चढवावयाचा हे खिळ्याला ठाऊक नव्हते, ते जुळाऱ्याला ठाऊक होते. संगणकात या कामाची वाटणी झाली आहे. टंकाच्या संचिकेतून अक्षराची बाह्यरेषा काढून ठिपक्यांनी रंगविण्याचे काम फ्रीटाइप ही लायब्ररी करते. ती उत्तम ओतारी आहे, पण जुळारी नव्हे. जुळाऱ्याचे काम हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीकडे आहे. फार्सीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे. संग्रहातील चिन्हे घ्यावयाची, त्यांचे अक्षरगट पाडावयाचे, वेलांटी पुढे आणावयाची, रफार मागे न्यावयाचा, जोडाक्षरांचे नियम टंकात लिहिलेले असतात ते वाचून योग्य आकृती निवडावयाची, हे सारे ती करते. उर्दू–अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांची दिशा सांभाळणारी तिसरी एक लायब्ररी आहे. या तिघींना एका दावणीला बांधून देणारी जी छोटी लायब्ररी, तिचे नाव रक्म. हा अरबी शब्द. त्याचा अर्थ लेखन, तसाच अंकही. मराठीतील ‘रक्कम’ त्याच घराण्यातली. प्रमाणपत्रांच्या प्रकरणात न वाचली गेलेली ओळ या रक्मचीच होती.

आता मुख्य लायब्ररीविषयी. लायब्ररी या शब्दाने ग्रंथांची कपाटे मनासमोर येतात. येथे अर्थ निराळा आहे. वारंवार लागणाऱ्या कामांच्या आज्ञा एकदाच नीट लिहून ठेवलेल्या असतात आणि कोणताही कार्यक्रम त्या उसन्या घेऊन वापरू शकतो, अशा आज्ञांच्या कोठाराला संगणकशास्त्रात लायब्ररी म्हणतात. इमेजमॅजिकचा आरंभ १९८७ मध्ये ड्यूपाँ या अमेरिकन रसायन कंपनीत जॉन क्रिस्टी यांनी केला. लक्षावधी रंगच्छटांची चित्रे त्या काळच्या केवळ २५६ रंगांच्या पडद्यांवर बरी कशी दिसतील, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९९० मध्ये कंपनीच्या संमतीने ती सर्वांसाठी खुली झाली. चित्र लहानमोठे करणे, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणे, त्यावर अक्षरे लिहिणे, दोन चित्रे एकावर एक बसविणे अशी शेकडो कामे ती आज करते. तथापि तिचा स्वभाव मोठ्या ठेकेदारासारखा आहे. सारी कामे ती स्वतः करीत नाही. एक प्रकार वाचावयाचा तर या कारागिराला बोलवावयाचे, दुसरा वाचावयाचा तर त्या कारागिराला, असे तिचे चालते. या कारागिरांना तिच्या परिभाषेत प्रतिनिधी असे नाव आहे. कोणते प्रतिनिधी बरोबर घ्यावयाचे हे बहुतांशी बांधणीच्या वेळी ठरते, आणि तेथे जो सुटला तो सुटला.

मग बांधणीच्या फंदात पडावयाचेच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांबरोबर ही लायब्ररी तयार पुडक्याच्या रूपाने मिळते आणि सामान्यतः तेच घ्यावे हे शहाणपणाचे. पण काही वेळा तयार पुडके जुने असते. इमेजमॅजिकची सातवी मालिका २०१६ मध्ये आली, तरी पुढे पुष्कळ वर्षे अनेक प्रमुख वितरणांत सहावी मालिकाच मिळत असे. काही वेळा पुडके बांधणाऱ्याने आपल्याला हवा असलेला प्रतिनिधी वगळलेला असतो. काही वेळा भाड्याच्या यंत्रावर तयार पुडके बसविण्याची मुभा नसते, स्वतःच्या खोलीपुरती बांधणी करण्याची मात्र असते. अशा प्रसंगी मूळ आज्ञावलीकडे जावे लागते.

मूळ आज्ञावली म्हणजे मनुष्याला वाचता येईल असे लेखन. इमेजमॅजिकच्या बाबतीत ते मुख्यतः सी या भाषेत आहे. यंत्राला ते कळत नाही. कंपायलर नावाचा कार्यक्रम त्याचे यंत्राच्या अंकभाषेत रूपांतर करतो. जोपर्यंत विकणारा केवळ अंकभाषेतील वस्तू हाती देतो, तोपर्यंत घेणाऱ्याला तिच्या आत काय आहे हे पाहता येत नाही आणि बदलताही येत नाही. या स्थितीला विरोध म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू योजना जाहीर केली आणि तिचा कंपायलर १९८७ मध्ये सर्वांच्या हाती आला. मूळ लेखन खुले असावे, ते वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुन्हा वाटण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असावा, हा विचार त्यातून रुजला. परंतु कंपायलर जवळ नसेल तर खुल्या लेखनाचा उपयोग मूळ शिलालेखाइतकाच: डोळ्यांनी पाहावा आणि घरी जावे.

आज्ञावलीच्या शेकडो संचिका एका गाठोड्यात बांधून मिळतात. या गाठोड्याला टार म्हणतात. चुंबकीय फितीवरील दप्तर अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे हे संक्षिप्त रूप असून फिती गेल्या तरी नाव राहिले. गाठोडे सोडण्यापूर्वी त्याची ओळखखूण ताडून पाहावी. संचिकेतील एकूण मजकुरावरून गणिताने काढलेला चौसष्ट चिन्हांचा एक अंक प्रकाशकाने जाहीर केलेला असतो. तोच अंक आपल्या यंत्रावर काढून दोन्ही जुळतात की नाही ते पाहावयाचे. मजकुरात एका स्वल्पविरामाचाही फरक असेल तर अंक पार बदलतो.

गाठोडे सुटले की पहिली पायरी येते ती ‘कॉन्फिगर’ची, आणि सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचे ते येथेच. एकच आज्ञावली नाना प्रकारच्या यंत्रांवर चालावयाची असते. प्रत्येक यंत्रावर काय आहे आणि काय नाही हे मूळ लेखकाला घरबसल्या कळणे शक्य नसते. म्हणून आज्ञावलीबरोबर एक तपासनीस पाठविलेला असतो. असे तपासनीस तयार करून देणारे ऑटोकॉन्फ नावाचे साधन डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये लिहिण्यास प्रारंभ केला. या तपासनिसाची रीत मोठी गमतीची आहे. कोणाच्या सांगीवर तो विश्वास ठेवीत नाही. अमुक एक सोय या यंत्रावर आहे काय, हे पाहण्यासाठी तो दोनचार ओळींचा एक इवलासा कार्यक्रम स्वतः लिहितो आणि कंपायलरपुढे ठेवतो. तो बांधला गेला तर सोय आहे. अडला तर नाही. मग तो कार्यक्रम फेकून देतो आणि पुढचा प्रश्न घेतो. असे शेकडो प्रश्न तो काही क्षणांत विचारतो आणि पडद्यावरून ओळी झरझर वर जात राहतात. पाहणाऱ्याला त्यांत रस वाटत नाही, आणि सवय झाली म्हणजे तो पाहतही नाही.

इमेजमॅजिकच्या तपासनिसाने शेवटी दिलेला अहवाल मात्र टापटिपीचा असतो. आपल्या अपेक्षेप्रमाणे हे सारे आहे ना, याची कृपया खात्री करून घ्यावी, अशी विनंतीही आरंभी केलेली असते. खाली ओळीने प्रत्येक प्रतिनिधीचे नाव, मधल्या रकान्यात तो मागितला होता की नाही ते, आणि उजवीकडच्या रकान्यात तो प्रत्यक्षात मिळाला की नाही ते. प्रमाणपत्रांच्या गोष्टीतील यंत्रावर फ्रीटाइपपुढे दोन्ही ठिकाणी ‘होय’ होते. रक्मपुढे मधल्या रकान्यात ‘होय’ होते आणि शेवटच्या रकान्यात ‘नाही’. मागितला होता, मिळाला नाही. आणि तरीही काम पुढे चालू झाले.

याला सौजन्य म्हणावे की हलगर्जीपणा, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. तपासनिसाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, चाळीस प्रतिनिधींपैकी प्रत्येकाच्या अभावी त्याने काम थांबविले असते तर जगात कोठेही बांधणी पूर्ण झाली नसती. ज्याला केवळ छायाचित्रे लहान करावयाची आहेत त्याला रक्मचे काय? शिवाय इंग्रजी अक्षरे रक्मवाचूनही ठीक उमटतात. नेमकी येथेच मेख आहे. ज्यांची लिपी साधी आहे, त्यांना हा ‘नाही’ आयुष्यात कधी टोचत नाही. म्हणून तो मोठ्याने सांगण्याची निकडही कोणाला भासली नाही. मराठी, बंगाली, तमिळ, उर्दू अशा लिप्यांत लिहिणाऱ्याने मात्र तो रकाना पाठ असल्याप्रमाणे वाचावयास हवा. इतरांना जो ऐच्छिक विषय, तो त्यांना आवश्यक आहे.

आणखी एक आश्चर्य येथे वाट पाहत असते. रक्मपुढे ‘नाही’ दिसले म्हणून यंत्रात शोधावे, तर रक्म तेथे हजर असते. दुसरा कोणी कार्यक्रम तिचा उपयोग करीतही असतो. मग तपासनिसाने ती नाही असे का सांगावे? कारण असे की, तयार लायब्ररी वापरण्यासाठी जेवढे लागते त्याहून तिच्या आधाराने नवे काही बांधण्यासाठी अधिक लागते. तिच्यातील प्रत्येक आज्ञेचे नाव काय, तिला कोणत्या वस्तू द्यावयाच्या, ती काय परत करते, याची यादी कंपायलरला हवी असते. या यादीला हेडर म्हणतात. नुसत्या वापरणाऱ्याला तिची गरज नसल्याने बहुतेक वितरणे ती निराळ्या पुडक्यात ठेवतात आणि पुडक्याच्या नावापुढे विकासक या अर्थाचे इंग्रजी शेपूट लावतात. डेबियनच्या परंपरेत ते ‘डेव्ह’ असते, फेडोराच्या परंपरेत ‘डेव्हेल’. वीज घरात आली आहे, पण भिंतीत नवे बटण बसवावयाचे तर तारांचा नकाशा हवा, तसाच हा प्रकार. रक्मचे हे विकासकाचे पुडके बसवून तपासनिसाला पुन्हा बोलाविले की तो ‘होय’ म्हणतो. एवढे करूनही त्याने हट्ट सोडला नाही, तर तो आपल्या मागे कॉन्फिग-लॉग नावाची रोजनिशी ठेवून जातो. प्रत्येक चाचणी, तिच्यासाठी लिहिलेला छोटा कार्यक्रम आणि कंपायलरने दिलेला नकार तीत शब्दशः असतो. रोजनिशी लांब आणि रूक्ष असते खरी, पण उत्तर हमखास तेथेच मिळते.

कॉन्फिगरच्याच वेळी चित्रातील प्रत्येक रंगघटकाला किती जागा द्यावयाची हेही ठरवितात. आठ बिटे दिली तर प्रत्येक घटकाच्या २५६ पायऱ्या मिळतात, सोळा दिली तर ६५,५३६. सोळाला स्मृती अधिक लागते. प्रमाणपत्रांना आठही पुरतील. ज्याला कारण ठाऊक नाही त्याने मूळचा सोळाचा आकडा तसाच ठेवावा.

दुसरी पायरी ‘मेक’. हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार केले. त्यांच्या एका सहकाऱ्याने कार्यक्रमातील चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली संचिका पुन्हा कंपाइल करण्याचे विसरल्यामुळे तो बिचारा सबंध सकाळभर बरोबर असलेल्या कार्यक्रमात चूक शोधीत बसला होता. कोणती संचिका कोणत्या संचिकेवर अवलंबून आहे आणि तिच्यापेक्षा ती जुनी झाली आहे काय, हे पाहून तेवढीच पुन्हा बांधावयाची, ही मेकची युक्ती त्या वैतागातून निघाली. मेकच्या आज्ञापत्रकात ओळीच्या आरंभी टॅब नावाची विशिष्ट मोकळी जागा सोडावीच लागते. साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. हा नियम जाचक आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले होते. परंतु तोवर साधन वापरणारे डझनभर लोक झाले होते, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी नियम बदलला नाही. त्या डझनभर मंडळींच्या सोयीपायी पुढच्या कित्येक पिढ्यांनी डोकी खाजविली आहेत.

मेकची आज्ञा दिल्यावर संचिकांमागून संचिका कंपायलरखालून जातात. यंत्रात अनेक गणनकेंद्रे असतील तर अनेक संचिका एकाच वेळी हाती घेण्यास मेकला सांगता येते. मधून मधून इशारे दिसतात. इशारा आणि चूक यांत भेद आहे. इशाऱ्याने बांधणी थांबत नाही, चुकीने थांबते. चूक आली तर पडद्यावरील शेवटची ओळ न पाहता पहिली चूक शोधावी, कारण पुढच्या पुष्कळशा तिच्याच लेकी असतात. रक्मचे पुडके नंतर बसवून कॉन्फिगर पुन्हा केले असेल, तर आधीच्या बांधणीचे अवशेष ‘मेक क्लीन’ने झाडून टाकणे बरे.

बांधून झाले की ‘मेक चेक’ने स्वपरीक्षा घेता येते. मग ‘मेक इन्स्टॉल’, म्हणजे तयार वस्तू यंत्राच्या सामायिक जागी नेऊन ठेवणे. येथवर सर्व काम सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात होते. या एका पायरीला मात्र व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. आधीच्या पायऱ्याही त्याच अधिकाराने उरकण्याची काहींना सवय असते. ती सोडावी. परक्याने लिहिलेला तपासनीस घरभर फिरवावयाचा तर त्याच्या कमरेला तिजोरीच्या किल्ल्या कशाला?

सामान्यतः सर्व वस्तू ‘यूएसआर-लोकल’ या कप्प्यात जातात. तयार पुडक्यांच्या वस्तू त्याच्या शेजारच्या कप्प्यात असतात. परंपरेने केलेली ही विभागणी उपयुक्त आहे: वितरणाने दिलेले एका बाजूस, घरी बांधलेले दुसऱ्या बाजूस, आणि एकाने दुसऱ्याला तुडवू नये. पण त्यामुळेच दोन घोटाळे संभवतात. पहिला असा की, नवी आज्ञा देताच यंत्र म्हणते, सामायिक लायब्ररी सापडत नाही. ती तर आत्ताच ठेवली आहे! खुलासा इतकाच की, कोणती लायब्ररी कोठे आहे याची सूची यंत्र एकदाच करून ठेवते आणि नवी वस्तू आली तरी आपण होऊन सूची बदलीत नाही. ‘एल-डी-कॉन्फिग’ ही आज्ञा दिली की सूची नवी होते. दुसरा घोटाळा याहून फसवा. यंत्रावर इमेजमॅजिकची जुनी प्रत आधीच असते. नव्या बांधणीचे कष्ट घेऊन झाल्यावर मनुष्य आज्ञा देतो आणि उत्तर देते ती जुनीच प्रत. म्हणून आवृत्ती विचारण्याची आज्ञा प्रथम द्यावी. उत्तरात आवृत्तीचा अंक तर येतोच, शिवाय कोणते प्रतिनिधी आत बांधले आहेत त्यांची नावेही एका ओळीत येतात. त्या ओळीत रक्म आहे काय, हे पाहावे. आणि तेवढ्यावरही न थांबता एका कोऱ्या चित्रावर ‘निखिल’, ‘अर्चना’ आणि ‘कऱ्हाडे’ ही तीन नावे उमटवून डोळ्यांनी वाचावी. वेलांटी, रफार आणि अर्धा रकार या तिन्हींची परीक्षा त्यांत होते. टंक मात्र देवनागरीचे नियम पाळणारा हवा. गूगलच्या नोटो मालिकेतील देवनागरी टंक त्यासाठी पुरेसा आहे आणि विनामूल्य मिळतो.

येथे काम संपले असे वाटते, पण घरी बांधलेल्या वस्तूची देखभालही घरच्यांनीच करावयाची असते. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधील एक गंभीर उणीव जाहीर झाली. चित्राच्या मिषाने पाठविलेल्या संचिकेत विशिष्ट मजकूर घालून परक्या यंत्रावर हव्या त्या आज्ञा चालविता येत होत्या. बाहेरच्या प्रतिनिधीला काम सोपविताना मजकुराची पुरेशी छाननी होत नव्हती, हे तिचे मूळ. लायब्ररीच्या धोरणपत्रिकेत धोक्याचे प्रतिनिधी बंद करणे हा तात्कालिक उपाय होता आणि पुढे सुधारित आवृत्त्या आल्या. ज्यांनी तयार पुडके घेतले होते, त्यांच्या यंत्रात नेहमीच्या अद्ययावतीकरणातून दुरुस्ती आपोआप पोचली. ज्यांनी स्वतः बांधणी केली होती, त्यांच्या दारी कोणी येणार नव्हते. मंडळाच्या संकेतस्थळावर सभासदांना छायाचित्रे चढविण्याची सोय असेल, तर ही गोष्ट पोकळ भीती म्हणून सोडून देता येत नाही.

याहून खोल जखम २०२४ च्या मार्चमध्ये दिसली. एक्सझेड ही संचिका दाबून लहान करणारी एक सामान्य लायब्ररी. इमेजमॅजिकलाही ती प्रतिनिधी म्हणून जोडता येते. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे उपयोगी काम करून या लायब्ररीच्या थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळविला आणि शेवटी तीत चोरवाट घातली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. तेवढ्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत ते त्या चोरवाटेपर्यंत पोचले. विशेष हे की, कपटाचा धागा सर्वांना दिसणाऱ्या मूळ लेखनाच्या भांडारात नव्हता. तो प्रसिद्ध केलेल्या टार गाठोड्यातील बांधणीच्या एका संचिकेत होता, म्हणजे तपासनिसाच्याच झोळीत. ज्यांनी गाठोड्याची ओळखखूण ताडून पाहिली, त्यांचा अंक बरोबर जुळला असता; कारण प्रकाशकाने दिले तेच गाठोडे त्यांच्या हाती आले होते. बहुतेक वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोचण्यापूर्वी प्रकार उघडकीस आला. मूळ लेखन खुले असल्यामुळेच शोध लागू शकला, हे खरे. आणि ते खुले असूनही पाच आठवड्यांच्या आसपास कोणाच्या लक्षात आले नाही, हेही तितकेच खरे.

प्रमाणपत्रांच्या कामापुरते बोलावयाचे तर पुढचा भाग थोडा आहे. रक्मचे विकासकाचे पुडके बसवून कॉन्फिगर पुन्हा केले, अहवालाच्या त्या ओळीत दोन्ही रकान्यांत ‘होय’ आले, मेक झाले, सूची नवी झाली, की तीनशे चित्रे पुन्हा काढावयास पूर्वीइतकीच मिनिटे लागतात. त्यानंतर ती सारी एकदा कोणी तरी वाचावीत. हे काम चिटणिसांना द्यावे, त्यांना स्पर्धकांची नावे पाठ असतात.

ज्या कप्प्यात बांधणी केली तो मात्र जागा अडवितो म्हणून पुसून टाकू नये. पुढे लायब्ररी काढून टाकावयाची झाली तर ‘मेक अनइन्स्टॉल’ला तोच लागतो. आणि कॉन्फिगरला नेमकी कोणती आज्ञा दिली होती, ती कॉन्फिग-लॉगच्या अगदी आरंभी लिहिलेली असते. दोन वर्षांनी मंडळाचा संगणक बदलेल, तो तरुण नोकरीनिमित्त पुण्याला किंवा बंगळूरला गेलेला असेल आणि नव्या कार्यकर्त्याला सारे पुन्हा बांधावे लागेल, तेव्हा त्याने प्रथम उघडावयाची संचिका ती.